आधी आतली खोली

आमच्या कॉलनीत कोणाचं नेट हळू चाललं, की शेजारचे एक काका न बोलावता हजर व्हायचे. खुर्चीवर नीट टेकायच्या आत नेटवर्कची सेटिंग उघडायची आणि प्रोटोकॉलच्या, म्हणजे कॉम्प्युटर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांच्या, नावांपुढच्या टिकच्या खुणा काढत सुटायचं. "हे काहून ठेवलं गा? काम नाही याचं. फुकटची गर्दी करून राहिलं." चहा उकळेपर्यंत काम आटोपायचं, आणि नेट खरंच जरा पळू लागायचं.

समोरच्या आजींकडेही त्यांनी असाच एक जुना प्रोटोकॉल काढला. पण आतल्या खोलीत पडून असलेले आजोबा आपल्या जुनाट कॉम्प्युटरवर बैठकीतल्या कॉम्प्युटरमधली गाणी ऐकायचे, वारलेल्या भावाने म्हटलेली. ती आत पोचायची त्याच प्रोटोकॉलवरून, आणि त्या दिवसापासून ती बंद पडली. आजोबांना वाटलं, आपलाच डब्बा बिघडला. कशाला कोणाला त्रास, म्हणून त्यांनी आजींशिवाय कोणाला सांगितलं नाही.

आजोबांच्या तेरवीच्या पंगतीत आजींच्या तोंडून गाणी बंद पडल्याची ही गोष्ट सहज निघाली. काकांनी पुढचा घास घेतलाच नाही. हात धुताना मला एवढंच म्हणाले, "एक टिक परत लावायचं काम होतं गा."

परवा माझं नेट हळू झालं, तेव्हा मीच त्यांना बोलावलं. कॉम्प्युटरकडे न बघता ते थेट आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"इथं कोण बसते?"

"कोणी नाही काका. मी एकटाच राहतो, तुम्हाले तर माहीत आहे."

"माहीत आहे मले," ते म्हणाले, आणि तरी दिवा लावून त्यांनी खोली पाहिली.