फाइलमधलं पत्र

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या लायब्ररीत मी दर मंगळवारी लोकांना कॉम्प्युटरची मदत करायला बसते. एकदा ऐंशीच्या पुढची एक इंग्रज बाई आली. कोटाची सगळी बटणं लावलेली ठेवूनच ती खुर्चीच्या कडेवर बसली. तिचे वडील ऑस्ट्रेलियन सैनिक होते. तिच्या जन्माआधीच ते दुसऱ्या महायुद्धात मारले गेले, असं आईनं सांगितलं होतं. त्यांची कबर कुठे आहे, एवढंच तिला बघायचं होतं.

तिकडच्या सैनिकांच्या जुन्या फायली आता स्कॅन करून ऑनलाइन ठेवल्यात. नाव टाकलं आणि फाइल उघडली. मृत्यूची नोंद कुठेच नव्हती. युद्धानंतर सुखरूप घरी परतल्याची मात्र होती.

पुढच्या पानावर सैन्याच्या कचेरीला हातानं लिहिलेलं एक पत्र होतं. ती स्क्रीनजवळ वाकली.

"हे आईचं अक्षर. तुम्हीच वाचा, मला नाही वाचवणार."

मी वाचलं. "मुलगी झाली आहे. डोळे त्याच्यासारखेच आहेत. त्याला एवढं कळवा." खाली कोणा अधिकाऱ्याचा शेरा होता. सैनिकाला विचारलं, या बाईला आपण ओळखत नाही असं तो म्हणतो.

मला तिच्याकडे बघवेना.

"म्हणजे तो मेला नव्हता," ती म्हणाली. "आईनं त्याला मारलं. माझ्यासाठी."

आईनं जे आयुष्यभर एकटीनं गिळलं, ते आता हिला एकटीला गिळायचं होतं.

"प्रिंट काढू का?" मी विचारलं.

"काढा. पण शेऱ्याच्या वरपर्यंतच."