अलकाकाकूंच्या बाकावरची ‘सुर-सहेली’

अलकाबाई कडूंच्या दुकानात महिन्यातून एकदा हमखास भांडण व्हायचं, आणि त्या भांडणाची अलकाबाई महिनाभर वाट बघायच्या.

दुकान मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात, शनवारा दरवाज्याजवळ, मुलींच्या शाळेच्या रस्त्यावर. वह्या, पेनं, कोरे नकाशे, टिकल्या, राख्यांच्या दिवसांत राख्या, आणि दाराशी दोरीला चिमट्यांनी अडकवलेली मासिकं. त्यांतलं एक हिंदी मासिक म्हणजे ‘सुर-सहेली’. गाणाऱ्या पोरापोरींचे फोटो, मुलाखती, गाण्यांचे शब्द आणि मधोमध घडी घातलेलं मोठं पोस्टर. त्याचे मोजके अंक खंडव्याहून यायचे. त्यातला एक ठरलेला असायचा चौघींसाठी : रश्मी, निशा, तेजल आणि हुमा. चौघी दहावीत, चौघींची वर्गणी एकत्र, आणि अंक आला की दुकानाबाहेरच्या बाकावर त्याची वाटणी.

वाटणीची रीत त्यांनीच बसवली होती. अलकाबाई मधल्या पिना अलगद उचकटून द्यायच्या. मग एकीला पोस्टर, एकीला मुलाखत, एकीला गाण्यांची पानं आणि एकीला ‘तुम्हारी जोड़ी किससे जमेगी’ छापाची प्रश्नावली. पोस्टरची पाळी महिन्यागणिक फिरायची, आणि पाळी कोणाची यावरच भांडण पेटायचं.

“मागच्या महिन्यात तुलाच मिळालं होतं ना गं!”

“वो तो आधा फटा हुआ था, वो नहीं गिनते!”

“काकू, तुम्ही बोला ना. किसकी बारी है?”

“मी काही बोलत नाही बाप्पा,” अलकाबाई म्हणायच्या. “तुम्हीच लढून राहिल्या, तुम्हीच मिटवा.”

अलकाबाई मूळच्या अचलपूरच्या. लग्न होऊन नेपानगरला आल्या, कागद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये संसार केला. नवरा बाबुराव कागदाच्या मशीनवर होते. ते निवृत्त झाल्यावर दोघं बुऱ्हाणपूरला आली आणि अलकाबाईंनी दुकान काढलं. इंदूरला नोकरी करणारा मुलगा विपुल दर दिवाळीला सांगायचा, “आई, मासिकं बंद कर. आता सगळं फोनवर आहे.” अलकाबाई हो म्हणायच्या आणि दिवाळी सरली की खंडव्याला पुढची मागणी कळवायच्या.

कारण फोनचं खरं त्यांना बाकावर बसल्या बसल्या कळलं होतं. फोन मुलींचा नसायचा. तो वडिलांचा, नाहीतर भावाचा. मागून घ्यायचा, कोणी बघतंय का ते बघत बघायचा, आणि हाक आली की परत द्यायचा. मासिकाचं पान तसं नव्हतं. ते दप्तरात गणिताच्या वहीत राहायचं. कोणी परत मागायचं नाही.

बाबुरावांना मात्र यातलं काही पटत नसे. दुपारी डबा घेऊन आले की ते पोस्टर उलटसुलट करून बघायचे.

“काय आहे गं या पोट्ट्यांत? धड मिशी नाही फुटली.”

“म्हणूनच,” अलकाबाई म्हणायच्या.

“म्हणूनच म्हणजे?”

“म्हणजे तो भिंतीवर राहते, गुपचूप हसते. रस्त्यात मागे येत नाही, शिट्टी मारत नाही. पोरीनं बघावं तेवढा वेळ बघावं, नको झालं की घडी घालावी. असा मुलगा गावात दाखवा मला.”

बाबुराव डब्याचं झाकण उघडायला लागायचे.

त्या दिवसांत चौघींचा जीव ‘गुलेल’ नावाच्या चार पोरांच्या बँडवर जडला होता. रिवान, कबीर, टोनी आणि जिगर. त्यांची गाणी मुली जेमतेम गुणगुणायच्या. पण जिगरला झुरळाची भीती वाटते, टोनीच्या कुत्रीचं नाव इमली आहे, कबीर आईला रोज फोन करतो, हे त्यांना तोंडपाठ. अलकाबाईंना आधी नवल वाटायचं. मग त्यांच्या ध्यानात आलं, आपण नाही का शेजारणीकडे नवी सून आली की ती काय खाते, कधी उठते, कोणाला भिते ते विचारून घेत? माहिती झाली की माणूस आपलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली होती. अंक मांडीवर असला तरी मुलींचे डोळे पानावर थोडा वेळ आणि एकमेकींच्या तोंडावर जास्त वेळ असायचे. एकटीनं वाचायचं ते मासिकच नव्हतं. एकीनं वाचायचं, दुसरीनं किंचाळायचं, तिसरीनं चिडवायचं.

मग एका महिन्यात आक्रीत घडलं. ‘सुर-सहेली’त वाचकांनी कलाकारांना प्रश्न विचारायचं एक सदर होतं. रश्मीनं कधीतरी पोस्टकार्ड टाकलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. अंक आला, हुमानं पान उघडलं आणि ती बाकावरून उठूनच उभी राहिली.

“रश्मी! ये तू है! बुरहानपुर लिखा है!”

छापलं होतं असं : रश्मीनं जिगरला विचारलं होतं, स्टेजवर जाण्याआधी काय खाता? आणि जिगरचं उत्तर होतं, “सिर्फ़ एक केला।”

केळीच्या बागांच्या बुऱ्हाणपूरच्या मुलीला केळं! रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली, इतका गलका झाला. रश्मीनं आपल्या नावावरून बोट फिरवलं. तिचे वडील घरोघर पडदे शिवून द्यायचे, घरी तिच्या पाठी तिघं भावंडं. तिचं नाव शाळेच्या हजेरीखेरीज आजवर कुठं आलं नव्हतं.

त्या अंकाच्या पिना काढायच्या नाहीत असं ठरलं. पहिल्यांदाच वाटणी झाली नाही. अंक अख्खा अलकाबाईंच्या काउंटरखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला गेला, कारण रश्मीच्या घरी धाकटा भाऊ दिसेल त्या कागदाची होडी करायचा. रोज शाळा सुटल्यावर रश्मी म्हणायची, “काकू, दाखवा ना,” आणि अलकाबाई पेटी उघडायच्या.

निशा शाहपूरच्या वाटेवरच्या एका गावातून यायची. वडील भिकन पाटील, तापीकाठी केळीची बाग. एका शनिवारी रश्मी शाळेत आली नव्हती. निशा दुकानात येऊन चुळबुळत उभी राहिली.

“काकू, एकच दिवस द्या ना. मावसबहीण आली आहे. तिला खोटं वाटतं माझ्या मैत्रिणीचं नाव छापलंय म्हणून. सोमवारी पक्का आणते.”

अलकाबाईंनी क्षणभर विचार केला. रश्मीला विचारायला हवं होतं. पण निशाच्या डोळ्यांत मैत्रिणीचा असा अभिमान होता की त्यांच्यानं नाही म्हणवेना. त्यांनी अंक दिला.

सोमवारी निशा आली, ती रडतच.

झालं होतं ते असं. बहिणीला अंक दाखवून झाल्यावर तो ठेवायचा कुठं? घरात मोठा भाऊ, त्याच्या हाती लागला तर चेष्टा आणि वर आईला सांगणं. म्हणून निशानं जागा निवडली ती केळीच्या बागेतल्या शेडमधली रद्दीची थप्पी. घड ट्रकमध्ये भरताना मध्ये घालायला आणलेले जुने कागद. तिथं कोण वाचायला जातंय? तिच्या हिशेबानं गावात यापेक्षा बिनधोक जागा नव्हती. पण भाव चढला म्हणून व्यापाऱ्यानं ट्रक रविवारीच पाठवला. भल्या सकाळी कटाई झाली, भिकननं थप्पी उचलून मजुरांपुढे टाकली, आणि ‘सुर-सहेली’ केळीच्या घडांमध्ये बसून दिल्लीला गेली.

रश्मीनं सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा केला असता तर बरं, असं अलकाबाईंना वाटलं. ती एवढंच म्हणाली, “मेरा नाम था उसमें.” आणि दप्तर उचलून निघाली. वळून अलकाबाईंकडे बघत म्हणाली, “आणि काकू, तुम्ही दिलात.”

अलकाबाईंनी खंडव्याला फोन केला, नेपानगरच्या जुन्या ओळखीच्या दुकानदाराला केला. तो अंक कुठंच उरला नव्हता. बाक तसाच होता, पण त्यावर आता कोणी थांबेना. रश्मी रस्त्याच्या पलीकडून जायची. निशा यायची, एका टोकाला बसायची, उठून बसस्टँडकडे जायची. तेजल आणि हुमाला कोणाबरोबर जावं ते कळायचं नाही, म्हणून त्या दोघीच घाईनं घरी जायच्या. दहावीचं वर्ष. पुढं कोण कुठल्या शाळेत, कोणाचं शिक्षण थांबेल, कोण जाणे. आत्ता तुटलं ते तुटलंच, हे अलकाबाईंना दिसत होतं, आणि हात बांधल्यासारखं झालं होतं.

चारेक दिवसांनी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. पांढरा शर्ट, त्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग.

“नमस्कार ताई. मी भिकन, निशाचा बाप. पोरगी धड जेवत नाही, बोलत नाही. तुमच्या दुकानातलं कायतरी पुस्तक मी ट्रकमधे घातलं म्हणे?”

“मासिक होतं दादा.”

“तरीच! मजूर बोंबलत व्हते, पाटील, हा कागद गुळगुळीत आहे, घड सरकतात म्हणून.” मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “पण त्यात व्हतं काय एवढं? पोरांचे फोटो म्हणे. आमच्या घरच्यांनी तर डोक्याला हात लावला. काही वाईट तर नाही ना?”

अलकाबाईंनी त्याला बाकावर बसवलं. “दादा, निशा ज्याच्यासाठी रडून राहिली तो फोटोतला पोरगा नाही. तिच्या मैत्रिणीचं नाव होतं त्यात. रश्मीनं प्रश्न विचारला, ‘गुलेल’मधल्या जिगर नावाच्या गाणाऱ्यानं उत्तर दिलं. गाण्याआधी केळ खातो म्हणाला.”

भिकन ताठ बसला. “केळ? कोणतं? जळगावचं का आपलं?”

“ते नाही छापलं.”

“आपलंच असंल.” त्यानं पलीकडच्या शाळेच्या फाटकाकडे बघितलं. “म्हणजे दोन मैत्रिणींत बोलणं बंद आहे, असं म्हणा ना. मला वाटलं काय न काय.” आणि त्यानं फोन काढला. दिल्लीच्या मंडीतल्या धर्मेंद्र नावाच्या आडत्याला लावला, आणि फोन स्पीकरवर टाकला.

“धर्मेंद्रभाई, वो इतवार की गाड़ी में एक किताब आई है। चिकने कागज की। छोरों के फोटो हैं।”

पलीकडून धर्मेंद्र म्हणाला, “भिकनभाई, केला बेचना है कि छोरे?”

“मजाक मत करो। बेटी की है। उसकी सहेली का नाम छपा है उसमें। ढूँढो जरा।”

पलीकडचं हसणं रस्त्याच्या पार गेलं. शाळा सुटली होती, पोरी बाहेर पडत होत्या, आणि पांढऱ्या शर्टातला एक शेतकरी भर रस्त्यात ओरडत होता, “गुलेल! हाँ, गुलेल नाम है! जिगर देखो, जिगर!” निशा फाटकातच थिजली. तिच्या मागून येणारी रश्मीही थांबली. तिनं ‘सहेली का नाम’ ऐकलं होतं.

शोधायला वेळ लागला, तोवर निशा, तेजल आणि हुमा बाकाशी जमल्या. मग भिकनच्या फोनवर एक फोटो आला. प्रश्नांचं पान नव्हतं, ते चिकानं भिजून फाटलं असणार. पण पोस्टर सापडलं होतं. धर्मेंद्रच्या माणसांनी ते मंडीतल्या गाळ्यात खिळ्याला टांगलं होतं. खाली हिरव्या घडांचा डोंगर, वर जिगर, आणि चिकाचा डाग नेमका असा पडलेला की त्याला चांगली जाडजूड मिशी फुटली होती.

हुमा आधी हसली. मग तेजल. निशा तोंडावर हात ठेवून रडत होती की हसत होती, कळेना. रश्मी हळूहळू रस्ता ओलांडून आली. तिनं फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं.

“काका, माझं नाव?”

“नाही मिळालं पोरी,” भिकन म्हणाला. “चूक माझी. मी कागद बघितलाच नाही. आमच्याकडे कागद बघायची सवय नाही ना.”

“माझी पण,” अलकाबाई म्हणाल्या. “तुला न विचारता दिला मी.”

रश्मीनं फोन भिकनला परत दिला. निशाकडे बघितलं. बोलली नाही तर आता कधीच बोलणार नाही, असं अलकाबाईंना वाटलं.

“सुन,” रश्मी म्हणाली. “तेरी बारी कटी.”

निशानं डोळे पुसले. “किती?”

“तीन महिने पोस्टर मेरा.”

“तीन? एक!”

“तीन. आणि प्रश्नावली पण नाही मिळणार.”

“हे जास्त होतंय रश्मी! मी मुद्दाम केलं का?”

“दोन,” हुमा मध्ये पडली. “दो में फाइनल कर.”

“तू गप गं, तुझं काय गेलं?” रश्मी तिच्यावर उखडली.

भिकन घाबरून अलकाबाईंकडे वळला. “ताई, या तर पुन्हा भांडायला लागल्या.”

“लागू द्या,” अलकाबाई म्हणाल्या. जिच्याशी संबंध संपवायचा तिला कोणी दंड लावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आत जाऊन बाबुरावांच्या खुर्चीवरची उशी आणली आणि भिकनला म्हणाल्या, “हे लवकर नाही मिटत दादा. टेकून बसा.”