शनिवारची गादी

मैत्रीचा खेळ, घरगुती खेळ, असं कोणी म्हटलं की माझं डोकं अजूनही तापतं. पैसा नसला की भांडण नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या अमरावतीच्या शनिवारच्या पत्त्यांत एकदा बसून पाहायला हवं होतं. तिथे कधी एक पैसा लागला नाही. सरकी लागायची.

एकसष्ट-बासष्टचे दिवस. आमचे हे वकील. दर शनिवारी संध्याकाळी हेडमास्तरांच्या बैठकीत पाच जण तीन पत्ती खेळायला जमायचे: स्वतः हेडमास्तर, आमचे हे, एक डॉक्टर, एक स्टेशनमास्तर आणि जिनिंग फॅक्टरीचे मॅनेजर. मॅनेजर येताना पिशवीभर सरकी आणायचे. प्रत्येकाला एक वाटी सरकी, तिच्यावरच सगळी लढाई. प्रत्येकाला तीन पत्ते. हिंमत असेल तर सरकी लावत जायचं, नसेल तर पत्ते टाकायचे. बाकी सगळ्यांनी टाकले की उरलेल्याने ढीग ओढून घ्यायचा. त्याने आपले पत्ते दाखवायची गरज नाही.

नियम दोनच होते. ज्याची सरकी सर्वांत जास्त, तो पुढच्या शनिवारी गादीवर बसणार. बैठकीत घड्याळाखाली पांढऱ्या चादरीची गादी आणि लोड होता, बाकीचे सतरंजीवर. खेळात वाद झाला तर गादीवरचा बोलेल ते खरं, मग हेडमास्तरांचंसुद्धा चालायचं नाही. आणि ज्याची सरकी सर्वांत कमी, त्याच्या घरून पुढच्या शनिवारचा नाश्ता. ‘त्याच्या घरून’ म्हणजे कोणाच्या हातचा, हे सांगायला नकोच. कोर्टात दुसऱ्यांच्या हक्कांसाठी घसा कोरडा करणारा आमचा माणूस या नियमावर कधी चकार शब्द बोलला नाही.

दोन वर्षं मी दर शनिवारी ह्यांच्याबरोबर जाऊन, हेडमास्तरीणबाईंच्या मदतीला म्हणून, त्या बैठकीत चहा नेऊन दिला. चहा देणाऱ्या बाईकडे कोणी पाहत नाही, म्हणून तिला सगळं दिसतं. डॉक्टरांना चांगले पत्ते आले की ते कानाची पाळी चोळायचे. मॅनेजर हलक्या पत्त्यांवर खोटं खेळायला लागले की मोठ्यांदा गप्पा मारायचे. आणि आमचे हे जोडीवर अडकले की तिन्ही पत्ते एकमेकांवर ठेवून कडा जुळवत बसायचे. माझं माहेर अचलपूरचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत भावांबरोबर खेळून माझी बोटं तयार झाली होती. पण त्या बैठकीत माझी बोटं फक्त कपबशीच्या कामाची.

एका शनिवारी स्टेशनमास्तरांना मूर्तिजापूरला ड्यूटी लागली. चौघांत रंगत येईना. तेव्हा हेडमास्तरीणबाई आतून म्हणाल्या, “वकिलीनबाईले बसवा ना. तिले येते खेळता.”

ह्यांनी माझ्याकडे पाहून सगळ्यांदेखत विचारलं, “तुले समजते का यातलं?”

मी सतरंजीवर बसले.

आणि काय सांगू, त्या संध्याकाळी मी चौघांना धुऊन काढलं. पत्ते मला काही फार चांगले येत नव्हते. डॉक्टरांचा हात कानाकडे गेला की मी पत्ते टाकायची, मॅनेजरांच्या गप्पा वाढल्या की सरकी वाढवायची. दोन वर्षांच्या चहाची ती वसुली होती. ते मात्र दर डावाला म्हणत होते, “वैनीचं नशीब जोरावर हाये आज.” नशीब कसलं डोंबलाचं!

शेवटच्या डावात मला दुर्री, तिर्री आणि पंजी आली, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. तीन पत्तीत याहून हलका हात नाही. डॉक्टर आणि मॅनेजरांनी लवकर पत्ते टाकले, मागोमाग हेडमास्तरांनीही. उरलो आम्ही दोघं. ह्यांनी पत्त्यांच्या कडा जुळवायला घेतल्या आणि मला कळलं, जोडी आहे, पण जीव खालीवर होतोय. मी माझ्या ढिगातली अर्धी सरकी पुढे सरकवली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण माझ्या मनात काय चाललंय ते शोधायला त्यांनी माझ्या तोंडाकडे असं पहिल्यांदाच पाहिलं असेल. मग राजांची जोडी सगळ्यांसमोर उघडी टाकली आणि म्हणाले, “जाऊ द्या.”

पत्ते गोळा करायचं काम त्यांच्याकडे होतं. माझे तीन पत्ते उचलताना त्यांनी अंगठ्याने हळूच उघडून पाहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग पत्ते कॅटात खुपसून पिसून टाकले. बाकी कोणी पाहिले नाहीत.

सरकी मोजली तर माझी सर्वांत जास्त आणि ह्यांची सर्वांत कमी, वाटीचा तळ दिसत होता. हेडमास्तर हसून म्हणाले, “गादी वकिलांच्या घरची अन् नाश्ताबी वकिलांच्याच घरचा. घरचाच मामला हाये.” मीही हसले. मला वाटलं, गादीवर मी बसणार आणि निदान डबा तरी हे उचलणार. मूर्खच मी.

पुढच्या शनिवारी मी ठेवणीतलं नागपुरी लुगडं नेसले. बटाट्याची भाजी, बेसन आणि कढी घेऊन गेलो, आलूबोंडे तिथेच गरम तळायचे होते. स्टेशनमास्तर परत आले होते. दारातच हेडमास्तर म्हणाले, “या वकीलसाहेब, बसा गादीवर. वैनी, कढई तापवून ठेवली हाये.” आणि हे बसले. लोडाला टेकून, पाय पसरून बसले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

म्हणजे जिंकले मी, गादी त्यांना. हरले ते, कढई मला. असा निकाल कोणत्या न्यायाधीशाने दिला असता तर ह्यांनी वरच्या कोर्टात अपील केलं असतं.

तरी मी तळलं. ताट घेऊन बाहेर आले, तेव्हा मॅनेजर स्टेशनमास्तरांना मागच्या शनिवारची हकीकत सांगत होते. “शेवटच्या डावात वैनीले तीन गुलाम आले असतीन. नाही तर वकील राजांची जोडी टाकते काय? नशीबच म्हना.”

मी म्हटलं, “गुलाम नव्हते. दुर्री, तिर्री अन् पंजी होती.”

सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, “वैनी, मस्करी करता काय गरिबाची? दुर्री-तिर्रीवर एवढी सरकी कोन लावते?”

“मी लावली. ह्यांनी पत्ते पाहिले आहेत. विचारा.”

हेडमास्तरांनी हात वर केला. “वाद कावून करता? गादीवरचा बोलन ते खरं. बोला वकीलसाहेब.”

माझ्या हातात ताट होतं. मी ह्यांच्याकडे पाहत उभी राहिले. ‘हो’ एवढं म्हणाले असते तरी मला पुरलं असतं, मग गादीही नको होती. ह्यांनी लोडाची चादर नीट केली आणि म्हणाले, “तीन गुलाम होते. मी पाहिले.”

मी ताट सतरंजीवर ठेवलं, आत जाऊन चप्पल घातली आणि चालत घरी आले. अर्धे आलूबोंडे कढईतच राहिले असतील. त्यानंतर त्या बैठकीत मी पाऊल टाकलं नाही आणि आमच्या घरून नाश्ताही गेला नाही. हे हरले की स्टँडजवळच्या हॉटेलातून बांधून न्यायचे. लोक मला तोऱ्याची म्हणाले. म्हणोत.

पुढे दिवस बदलले, मुलं मोठी झाली, आम्ही अकोल्याला घर बांधलं. म्हातारपणी ओट्यावर दोघांत रमी चालायची. एका दुपारी पानं लावता लावता हे एकदम म्हणाले, “त्या दिवशी पंजीच होती ना मोठी?”

मी म्हटलं, “तुम्ही पाहिली होती.”

“हो.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

ते हातातल्या पत्त्यांच्या कडा जुळवायला लागले आणि म्हणाले, “गादीवर बसलो होतो ना.”

माझी रमी लागली होती. पत्ते खाली मांडले आणि एकेक पान बोटाने मोजून त्यांना दाखवलं.