मागच्या जिन्याची तिसरी पायरी

आमच्या आप्पांचा पाय मोडला, त्या दिवसापासून घरात फार आनंदाचं वातावरण होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. निवृत्त पोस्टमास्तर. मुलुंडला आमची दोन मजली चाळ. तिचा मागचा जिना लाकडी, आणि त्याची वरून तिसरी पायरी कुजलेली. त्या पायरीबद्दल आप्पांनी चाळीच्या मालकांना, लालजीशेठना, अकरा अर्ज धाडले होते. लालजीशेठ राहायचे कुठे? आमच्याच खाली, तळमजल्यावर! पण हाक मारून सांगतील तर ते आप्पा कसले? अर्ज जायचा रजिस्टर्ड पोस्टाने. पोस्टमन तो खाली द्यायचा, सही घ्यायचा, आणि पोचपावती वर आणून आप्पांच्या हातात ठेवायचा. अशा अकरा पोचपावत्या दोऱ्यात ओवून खुंटीला टांगलेल्या होत्या. उत्तर मात्र एकाचंही नव्हतं.

धुळवडीच्या दिवशी पहाटे साडेचारला आप्पा नेहमीसारखे टमरेल घेऊन मागच्या जिन्याने निघाले, आणि तिसरी पायरी जागेवर नव्हतीच. आधी टमरेल पोचलं, मागून आप्पा. सगळी चाळ जागी झाली. मी पुढच्या जिन्याने धावत खाली गेलो. आप्पा जमिनीवर बसलेले, उजवं पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं, आणि चेहऱ्यावर चक्क हसू!

"मोडली!" आप्पा ओरडले.

"अगं बाई! पाय का हो?" आई वरून.

"पाय मरू दे गं! पायरी! पायरी मोडली! अकरा वेळा लिहिलं होतं मी!"

डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. आप्पा खाटेवर असे विराजमान झाले की बघायला येणाऱ्यांना ते आधी पोचपावत्या दाखवायचे आणि मग पाय.

"आता दावा ठोकायचा," दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं. "पैसा मला एक नको. त्या लालजीशेठने या खाटेपुढे उभं राहून म्हणावं, 'मास्तर, तुमचं बरोबर होतं.' एवढं ऐकलं की मी डोळे मिटायला मोकळा."

"शुभ बोला हो जरा," आई म्हणाली.

लालजीशेठ होळीसाठी बिऱ्हाडाला कुलूप लावून कच्छला गेले होते. ते परत यायच्या आत आप्पांना सगळी तयारी हवी होती. "सुधाकर, वकील शोध. अपघाताची कामं करणारा. जवळपासचा बघ, मला या पायाने फोर्टात जाता यायचं नाही. आणि चांगला हवा हं!"

मी मान डोलावली. ती कशी डोलावली ते माझं मला माहीत. कारण पायरी मोडलीच नव्हती. ती मी जाळली होती.

आता जाळली म्हणजे काय, ते सांगतो. गावी जाण्यापूर्वी लालजीशेठ बाळा सुताराला जिन्याचं काम सांगून गेले होते. होळीच्या दिवशी दुपारी बाळाने कुजकी पायरी काढली, नवी फळी भिंतीला टेकवून ठेवली, कुणी पडू नये म्हणून जिन्याच्या तोंडाशी दोन दांडके आडवे ठोकले, आणि मग त्याला शिमगा आठवला. शिमग्याला कोकणातला सुतार मुंबईत थांबला तर देव कोपेल! पिशवी उचलून पळता पळता त्याला मी दिसलो.

"सुधाकरानू, त्या फळयेक हात लावू नका हां! मी येऊन ठोकतंय."

"कधी येणार?"

"आत्ता गेलंय नि आत्ता इलंय!" असं म्हणून तो सावंतवाडीला गेला.

संध्याकाळी बघतो तर समोरच्या चाळीची होळी आमच्यापेक्षा हातभर उंच! मी तेव्हा तेवीस वर्षांचा, भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात कायम झालेला कारकून. पण होळीच्या दिवशी कायम झालेला माणूसही माणूसच. आणि रिवाजच तसा, की होळीसाठी कुणाचंही लाकूड पळवावं, मालकाने शिव्या घालाव्या, पण परत मागू नये. मी फळी उचलली. तरी चार बोटं कमी पडत होती. मग विचार केला, फळीच गेली तर बाळा ठोकणार काय? आणि काही ठोकायचंच नाही, तर हे दांडके तरी कशाला? (असा विचार मी खरंच केला हो! नुसता अविचार असता तर एवढं वाईट वाटलं नसतं.) दांडकेही गेले. आमची होळी जिंकली. सगळ्यात मोठी बोंब मीच ठोकली. दुपारपासून चाळ सगळी पुढच्या अंगणात होळी रचत होती, मागे चिटपाखरू नाही. आप्पा त्या दिवशी ठाण्याला आत्याकडे पुरणपोळीला गेलेले. ते आले पुढच्या जिन्याने आणि झोपले.

तेव्हा मला वकील तर शोधायचा होता, पण चांगला शोधून चालणार नव्हतं. चांगला वकील दोन प्रश्नांत माझ्यापर्यंत पोचला असता! म्हणून मी मुलुंडातला सगळ्यात वाईट वकील शोधायला निघालो. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, हे काम फार कठीण. चांगल्याचं नाव सगळे सांगतात, वाईटाचं कोणी सांगत नाही.

शेजारच्या गोदाकाकूंना आमच्या घरातलं सगळं भिंतीतून ऐकू यायचं. त्या दुसऱ्या मिनिटाला दारात. "घाटकोपरला सबनीस वकील आहेत ना! माझ्या मामेभावाला आरे कॉलनीत म्हशीने उडवलं होतं. सबनिसांनी अशी उलटतपासणी घेतली, म्हशीचा मालक कोर्टात रडला!"

"हाच माणूस!" आप्पा म्हणाले. "जा, सुधाकर."

मी घाटकोपरला गेलो, स्टेशनबाहेर दोन बटाटेवडे खाल्ले आणि परत आलो. "आप्पा, सबनीस वकील वारले."

"अरेरे!" आप्पा हळहळले. मला वाटलं, सुटलो. पण पोस्टमास्तरच तो! त्यांनी तिथल्या तिथे कार्ड घेतलं आणि सबनिसांच्या घरच्यांना सांत्वनाचं पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'आपले पत्र पोचले. घरी सर्वांना वाचून दाखवले. मंडळी गहिवरली. मी बरा आहे. आपला, सबनीस.'

आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू चौकशी कुणाकडे केलीस?"

"त्यांच्या... शेजाऱ्यांकडे."

"वैर असेल," आईने मला सावरून घेतलं.

आता दिरंगाई परवडण्यासारखी नव्हती. दुसऱ्याच दिवशी मला खोपकर वकील सापडले. पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचं ऑफिस. पाटी एका खिळ्यावर लोंबत होती. आत काळ्या कोटातले खोपकर, म्हणजे मूळचा काळा कोट, आता पिठाने पांढरा, टेबलावर डोकं ठेवून झोपलेले. खाली गिरणी धडधडत होती, टेबल हलत होतं, त्यावरचं डोकंही हलत होतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! गिरणीवर आवाज चढवून चढवून त्यांना ओरडायचीच सवय लागली होती.

"अपघाताची कामं करता का?" मी ओरडलो.

"सगळी करतो!" ते ओरडले.

"एखादं जिंकलाय?"

"वही बघून सांगतो!"

मी त्यांना लगेच घरी घेऊन आलो.

खोपकरांनी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतही गिरणी चालू असल्यासारखीच विचारपूस केली. खालच्या अंगणात बायका कपडे धुवायच्या थांबल्या. मग म्हणाले, "जिना दाखवा!" मला वाटलं, बघतील आणि येतील. पण हा बाबा जिन्याच्या तोंडाशी रांगायलाच लागला! खाचेतून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, चौकटीवर नखाने टकटक केलं. पाच मिनिटं चाललं होतं.

"मास्तर!" आत येऊन ते गरजले. "पायरी मोडलेली नाही! काढलेली आहे! पटाशीने! आणि चौकटीत दोन्ही बाजूंना नवे खिळे आहेत, म्हणजे तिथे काहीतरी आडवं ठोकलेलं होतं! तेही कुणीतरी उपटलं! तो कोण, ते शोधा!"

आप्पा सावकाश उठून बसले.

"म्हणजे हा... घातपात?"

"नाकारता येत नाही!"

"निवृत्त सरकारी नोकराच्या जिवावर?" आप्पांनी पोचपावत्यांच्या दोऱ्याकडे बोट केलं. "अकरा अर्जांचा असा सूड? सुधाकर, लालजीशेठ गावाहून आला की स्टेशनातून थेट पोलीस चौकीत जाईल! तू फक्त ते आडवं ठोकलेलं उपटणारा हरामखोर शोधून काढ."

आईची तव्यावरची पोळी करपली. बिचारे लालजीशेठ तिकडे कच्छात नातवंडांत बसले असतील, आणि इकडे त्यांच्यासाठी बेड्या तयार! आप्पांना खरं सांगायची माझी छाती नव्हती. पण वैद्यापासून आणि वकिलापासून काही लपवू नये म्हणतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी खोपकरांकडे गेलो.

रेशनला त्या आठवड्यात लाल मिलो, म्हणजे ती परदेशी ज्वारी, आली होती, त्यामुळे गिरणीवर डबे घेऊन ही एवढी रांग. गिरणी रोंरावत होती. मी मनात म्हटलं, उत्तम. मी खोपकरांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं.

"ऐकू येत नाही!" ते ओरडले.

मी मोठ्याने सांगितलं. मग आणखी मोठ्याने. शेवटी बेंबीच्या देठापासून ओरडलो. खोपकरांचे डोळे हळूहळू मोठे झाले. त्यांनी छातीत श्वास भरून घेतला, आणि नेमका त्याच क्षणी खाली गिरणीचा पट्टा निसटला. सगळं एकदम गप्प.

"म्हणजे बापाचा पाय तुम्हीच मोडलात?"

ते वाक्य माडीवरून निघालं आणि मिलोच्या रांगेतल्या वीस-पंचवीस बायकांवर जाऊन पडलं. मी खिडकीतून डोकावलो. रांगेत पहिला नंबर गोदाकाकूंचा! त्यांनी वर बघितलं, मला बघितलं, डबा तिथेच ठेवला आणि निघाल्या. रेशनच्या दिवसांत गिरणीतला पहिला नंबर सोडून गेलेली बाई मी तेवढीच पाहिली. मी धावलो. पण गोदाकाकू काय धावल्या हो! मी पोचलो तेव्हा त्या आमच्या उंबऱ्यात बसून धापा टाकत होत्या, आणि सांगून झालं होतं.

आप्पा खाटेवर ताठ बसले होते. "खरं?"

"हो."

"पहिल्यापासून सांग."

मी खाली बघून सांगायला लागलो. बाळा सुतारापर्यंत आलो आणि आप्पांनी हात वर केला. "थांब. बाळाला कुणी पाठवलं?"

"लालजीशेठनी."

"कशाला?"

"ती पायरी बदलायला. बाळा म्हणाला, शेठनी बजावलंय, मास्तरांचा बारावा अर्ज यायच्या आत काम झालं पाहिजे."

आप्पांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता काठी येते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, ऐकलंस का?" ते आईला म्हणाले. "अर्ज पोचला! अकरावा अर्ज पोचला! तीस वर्षं पोस्टात घालवली, हजारो अर्ज इकडचे तिकडे केले. पण अर्ज केल्याने काही होतं, हे आज पहिल्यांदा बघतोय!"

आई हसली, गोदाकाकू हसल्या. मलाही इतकं हलकं वाटलं की मी विचारून बसलो, "म्हणजे मी सुटलो ना, आप्पा?"

"तू?" आप्पांनी डोळे पुसले आणि चष्मा लावला. "कागद घे. लिहून घे."

अक्षर माझं बरं म्हणून माझ्यावरची नोटीस मीच लिहिली. खोपकरांनी खाली सही केली. ती पोस्टात टाकायलाही मीच गेलो, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमनपुढे सही करून ती मीच घेतली. पोचपावती आप्पांच्या दोऱ्यात गेली. मागणी एकच होती. प्रतिवादीने वादीस, प्लास्टर निघेपर्यंत, रोज पहाटे साडेचार वाजता पाठीवर घेऊन पुढच्या जिन्याने खाली न्यावे व परत आणावे.

मी नेलं. चाळ लवकर उठून बघायची. आप्पा माझ्या पाठीवरून टमरेल उंच धरून सगळ्यांची विचारपूस करायचे. माझी कंबर गेली, पण खरं सांगतो, आप्पांना इतकं खुशीत मी नोकरीतही पाहिलं नव्हतं. लालजीशेठ गावाहून आले, सगळी हकीकत ऐकून पोट धरून हसले, पेढे घेऊन वर आले आणि खाटेपुढे उभे राहून म्हणाले, "मास्तर, तुमचा बराबर होता." आप्पांनी त्यांना पुढच्याच टपालाने आभाराचं पत्र पाठवलं. अर्थात रजिस्टर्ड! बाळा सुतार वीस दिवसांनी उगवला. फळी कुठे गेली हे कळल्यावर म्हणाला, "होळयेत गेला ता गेला," आणि दुसरी फळी आणून ठोकली.

मग एका संध्याकाळी आप्पांचं प्लास्टर निघालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी सवयीने उठलो आणि अर्धवट झोपेतच खाटेपुढे घोडा होऊन ओणवा उभा राहिलो. आप्पांनी चपला घातल्या, टमरेल उचललं आणि माझ्या बाजूने चालत गेले. दारात थांबून म्हणाले, "ऊठ रे, दावा निकालात निघाला."

ठणठणीत पायांनी ते मागचा जिना उतरून गेले. मी मात्र कितीतरी वेळ तसाच ओणवा होतो. वकिलाला विचारल्याशिवाय सरळ व्हावं की नाही, तेच कळेना!