पिंजऱ्याच्या दाराशी बसणारे काकाजी

कुणाबद्दल लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा.

अमरावतीत एमएमएच्या, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालतं त्या लढती आधी लग्नाच्या हॉलात व्हायच्या. आता अकोल्यात मैदान भरतं. पिंजऱ्याच्या दाराशी जुने कंपाउंडर काकाजी बसतात. फेरी संपली की ते लढणाऱ्याला कोणत्या वारी कुठल्या गावचा आठवडी बाजार ते विचारतात आणि स्वतः डोळे मिटून ऐकतात. "सांग, सोमवारी कुठं? मंगळवारी?" डोक्याला मार बसला की जीभ आधी सांगते, असं त्यांचं म्हणणं.

वलगावचा भाजी विकणारा पोरगा जिंकत होता. फेरीनंतर मंगळवारचा बाजार सांगताना त्याची जीभ अडखळली. काकाजींनी लढत थांबवली.

आयोजक ओरडला, "काकाजी, काहून थांबवली? एवढे लोक आले!"

"लोक घरी जातीन. त्याले बी जाऊ दे."

पुढच्या लढतीला काकाजींना बोलावलंच नाही. पोरगा मात्र उतरला. चार दिवसांनी मीच त्यांच्याकडे बातमी नेली, "काकाजी, तो जिंकला."

"बरं झालं. मंग, बोलला काय?"

मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यात तो नुसता हात वर करतो. काकाजींनी आवाज वाढवून तो तीनदा पाहिला.