बोलणं ज्याचं त्याचं

मुकुंदवाडीतल्या आमच्या शाळेच्या भिंतीवर चार शाळांसारखंच ‘सर्वांगीण विकास’ रंगवलेलं आहे. ते वाचून कुणाचा विकास झालेला मी तरी पाहिला नाही. शाळेचं खरं ध्येय मी इथं शिकवायला आले त्या पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकबाईंनी मला सांगितलं: इथून बाहेर पडणाऱ्या मुलाला स्वतःचं म्हणणं स्वतः मांडता आलं पाहिजे. त्यासाठी एक नियम कडक. कुणाचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरात मी तोंड उघडलं की चौघं मिळून माझं वाक्य संपवतात. त्या घरात वाढलेल्या मला गप्प बसायला शिकणं जड गेलं.

पालकसभेतही तेच. मुलानं काय प्रगती केली ते बाई सांगत नाहीत, मूलच सांगतं.

चौथीतली एक मुलगी बोलताना अडखळायची. तिचे वडील धनगर घरातले, चितेगावला कंपनीत कामाला. लेकीवर फार जीव, म्हणून तिला काहीही विचारलं की उत्तर स्वतःच द्यायचे. मागच्या वर्षी सभेच्या दिवशी ते थेट शाळा सोडल्याचा दाखलाच मागायला आले.

“लई हाल होतात पोरीचे. जिथं बोलायचं काम नाय, अशा शाळंत घालतो.”

मला रागच आला. शाळा बदलता येते, पण बोलायचं काम कुठं गेल्यावर संपतं?

“दाखला देऊ,” मी म्हणाले, “पण आधी तिचं ऐकून घ्या. मधे बोलायचं नाही.”

मुख्याध्यापकबाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी हटले नाही.

वर्गात काय शिकली ते सांगायला मुलगी उभी राहिली. त्या आठवड्यात आम्ही बर्फाचा एक तुकडा उघडा ठेवला होता आणि दुसरा घोंगडीत गुंडाळला होता. घोंगडी तिच्याच आजोबांची. तिनं हे सगळं थांबत थांबत सांगितलं. “घ... घोंगडीतला बर्फ...” इथं गाडी अडली. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी ओठ दाबून धरले.

वडिलांना मात्र राहवलं नाही. “आधी इतळला! घोंगडी गरम असती ना!”

मुलीनं मान हलवली. “न... नाय, अण्णा. थांबा. मी सांगते.”

मग तिनं सांगितलं. उघडा आधी वितळला. घोंगडी स्वतः गरम नसते. आतलं आत ठेवते, बाहेरचं बाहेर. सांगायला तिला वेळ लागला, पण एक शब्दही सुटला नाही. मला इतका आनंद झाला की टाळी वाजवावीशी वाटली.

“जन्म गेला माझा घोंगडीत,” वडील म्हणाले, “आन् मला...” त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. आम्ही कुणी ते पुरं केलं नाही.

“मग दाखल्याचं काय करायचं?” मुख्याध्यापकबाईंनी विचारलं.

ते उत्तर द्यायला लागले, पण थांबले आणि लेकीकडे वळले. “तू सांग, माय.”

मुलीचा पहिलाच शब्द अडला. बाहेर रिक्षावाले ओरडत होते, मुख्याध्यापकबाई चष्मा पुसत होत्या. वडिलांच्या कपाळावर घाम आला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट रोवलेले. पण ते एक शब्द बोलले नाहीत.

“इ... इ... इथंच,” ती म्हणाली.