साडेचार बोटांचं गाणं

माझ्या आवडत्या गीतकाराची नवी रेकॉर्ड धुळ्यात सगळ्यांच्या आधी मी ऐकली, याचा मला किती माज होता हे आज लिहितानाही कान गरम होतात. गोष्ट सत्तरच्या आसपासची. मी धुळ्याला कॉलेजात शिकत होतो आणि खोली करून राहत होतो. गाव अमळनेरच्या बाजूला. खोलीच्या गल्लीत लग्नाकार्यांना लाउडस्पीकर भाड्यानं देणारे एक नाना होते. रेकॉर्डींच्या पाकिटांवर गाण्यांच्या याद्या मी त्यांना वळणदार अक्षरात लिहून द्यायचो आणि नवी रेकॉर्ड आली की दुकानात स्टुलावर बसून फुकट ऐकायचो.

हे गीतकार माझं दैवत होतं. खेड्यातून वर आलेला माणूस, आधी मास्तरकी केलेली. सुरुवातीच्या गाण्यांत विहीर होती, मोट होती, चुलीचा धूर होता. ऐकताना वाटायचं, हा माणूस आमच्या ओट्यावर बसून गेलाय. मग ते शहरात, पुण्याला गेले आणि गाण्यांत चंद्र शिरला. एकदा शिरला तो हलेचना. मी भक्त खरा, पण खोचक भक्त. त्यांना लांबलचक पत्रं लिहायचो, अमुक कडवं सैल पडलंय, तमुक शब्द उसना वाटतो, असल्या सूचना करायचो. वय वीस. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला मी, त्या माणसाला गाणी लिहायला शिकवत होतो.

ती रेकॉर्ड यायच्या आदल्या आखाजीला मी गावी होतो. आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि लेकीबाळींचा तो हक्काचा सण. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीच्या सासरी जातो आणि तिला माहेरी घेऊन येतो. मग पोरी लिंबाला झोके बांधतात, दुपारभर गाणी म्हणतात, नवी रचतात. सासू, सासरा, दीर, नणंद, कुणाचीच त्यात गय नसते. आणि त्या गाण्यांचा एक न बोललेला कायदा असतो. झोक्यावरचं झोक्यावर राहायचं. ते शिवेपलीकडे न्यायचं नाही. सासरी परत जाणारी पोर कशाच्या भरवशावर मोकळी होते, तर या कायद्याच्या.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्या दुपारी शेजारच्या मैत्रिणीबरोबर झोक्यावर होती. ही मैत्रीण तिची अगदी लहानपणापासूनची. दिलेली गावातच होती, त्यामुळे अक्का आली की दिवसभर आमच्याकडे. बाकीच्या पोरी जेवायला गेल्या होत्या. मी ओट्यावर पुस्तक घेऊन पडलो होतो, वाचण्यात गुंगलोय असं त्यांना वाटलं असेल. अक्का हळू आवाजात आमच्या बोलीत म्हणाली (‘मनी’ म्हणजे माझी):

सासू मनी पिठवर दाबीसन ठेवस हात,
साडेचार बोटं देखी उपाशी काढस रात.

मैत्रिणीनं झोका थांबवला. मी पुस्तकामागून ऐकत राहिलो. अक्काच्या सासूचं मधलं बोट कडबा तोडताना विळ्याखाली अर्धं गेलेलं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. ती डब्यातल्या पिठावर पंजा दाबून ठेवते आणि तो ठसा मोडलेला दिसला तर सुनेनं चोरून भाकरी केली असं धरते, हे ठाऊक नव्हतं. अक्का घरी कधी बोलली नव्हती. आईला सांगितलं तर आई रडेल, आणि वडील सासरी जाऊन भांडतील, म्हणून.

कुणाही भावाला त्या वेळी भाकरी आठवली असती. मला ओळ आठवली. काय ओळ आहे, काय ओळ आहे, असं मी मनात घोकत राहिलो आणि संध्याकाळी ती वहीत उतरवली.

पावसाळ्यात धुळ्याहून मी गीतकारांना पत्र घातलं. चंद्र पुरे झाला आता, जरा पिठाकडे बघा, असं मोठ्या ऐटीत लिहिलं. खाली त्या दोन ओळी दिल्या आणि त्यांच्यावर लिहिलं, ‘मला सुचलेल्या ओळी’. असं का लिहिलं? बहिणीचं गुपित झाकावं म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला त्यांच्याकडून शाबासकी हवी होती. ती मिळालीही. पंधरा दिवसांत पोस्टकार्ड आलं, ‘ओळी अस्सल आहेत. अर्ध्या बोटाची कल्पना फार बोलकी.’ ते कार्ड मी महिनाभर शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो.

पुढच्या लग्नसराईच्या तोंडावर नानांनी जळगावहून ती रेकॉर्ड मागवली. एस.टी.च्या पार्सलातून आली तेव्हा पार्सल उघडायला मीच होतो. मोठी काळी तबकडी, दोन्ही बाजू मिळून दहा गाणी. पाकिटामागे त्यांचा फोटो होता, पहिल्यापेक्षा गाल भरलेले. पहिली बाजू लागली आणि माझं तोंड पडलं. पाचांपैकी तीन गाण्यांत चंद्र. एका गाण्यात विहीर होती, पण तिच्यात पाण्याऐवजी प्रेयसीचे डोळे. चाली गोड, वाद्यं भरपूर, आणि आत काही नाही. मी नानांना म्हणालो, “बाबा संपला हो.”

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं असंच गेलं. दुसऱ्याला नुसतं जात्यासारखं घरघरणारं एक वाद्य आणि एका बाईचा कोरडा आवाज:

साडेचार बोटांची पिठावर खूण,
उपाशीच निजली सोन्याची सून.

मी स्टुलावरून उठलो. त्यांनी ते सगळं गाणं आमच्या पिठावर उभं केलं होतं. डबा होता, झाकण होतं, उपाशी सून होती. शेवटच्या कडव्यात तर त्यांनी कमाल केली होती: सून म्हातारी होते, तिला सून येते, आणि एक दिवस ती आपली धडधाकट पाचही बोटं पिठावर दाबते. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. चंद्रवाल्या गाण्यांची सगळी पापं मी तिथल्या तिथं माफ केली. आजही रेकॉर्ड म्हणून विचाराल तर तेवढं एकच गाणं खरं होतं, बाकी नऊ नुसती सजावट.

पाणी पुसलं आणि पुढच्या क्षणाला पाकीट उलटं करून बघितलं. माझं नाव कुठंच नव्हतं. मग जो संताप आला म्हणता! नानांना कार्ड काढून दाखवलं, “ही ओळ माझी आहे, नाना.” त्याच दिवशी गीतकारांना पत्र धाडलं, आपल्यासारख्या थोरांनी एका विद्यार्थ्याची ओळ उचलावी हे शोभत नाही वगैरे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आणि नानांना वर बजावलं, “या सराईत प्रत्येक लग्नात हे गाणं लागलं पाहिजे.” नाना भले माणूस. पोराचं गाणं म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं.

महिन्याभरानं एक दिवस दुपारी नाना हसत हसत खोलीवर आले. “अरे, काल तुझं गाणं एका लग्नात चार वेळा लावलं. बायकांनी पुन्हा पुन्हा लावायला लावलं. तिथं एक म्हातारी होती, तिचं बोट नेमकं तसंच, अर्धं! बायकांनी तिचा हात धरून वर केला, अख्खा मांडव हसला. म्हातारी उठून निघून गेली, जेवलीसुद्धा नाही.”

“गाव कोणतं?” मी विचारलं.

त्यांनी अक्काच्या सासरचं नाव घेतलं. नाना किती तरी वेळ बोलत होते. 

त्याच आठवड्यात गीतकारांचं उत्तर आलं. मी भांडणाची तयारी ठेवली होती, पण त्या माणसानं सरळ माफी मागितली होती. ओळ तुमची हे कबूल, घाईत राहून गेलं, पुढच्या खेपेला पाकिटावर नाव छापू, तुमचं पूर्ण नाव कळवा.  कुणाचं नाव कळवणार होतो? मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर त्यांना कधीच पत्र लिहिलं नाही.

आखाजी आली. आईनं मला मुऱ्हाळी म्हणून धाडलं. एस.टी.तून उतरून अक्काच्या सासरी पोचलो. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या डाव्या हातानं दिला. उजवा पदराखाली होता. आधीच्या वर्षांत याच बाईनं त्याच हातानं मला भाकरी थापून वाढली होती, बोट लपवलं नव्हतं. ती सुनेला छळत होती हे खरं. पण बोट तिचं लग्न होऊन आल्या वर्षी तुटलं होतं, सासऱ्याच्या गोठ्यात, सोळाव्या वर्षी. ते मला अक्कानंच कधीतरी सांगितलं होतं. गाण्यात ते नव्हतं, आणि मला ते पत्रात लिहावंसं वाटलं नव्हतं.

“मावशी, अक्काला न्यायला आलोय,” मी म्हणालो.

“यंदा नही धाडत,” त्या म्हणाल्या. “तिकडे जाईसन आखो एक गानं म्हनी ती.”

‘आखो’ म्हणजे आणखी. आवाज चढला नव्हता. त्यांचं म्हणणं चूक आहे असंही मला म्हणता येईना. चहा झाला. निघताना मागच्या दाराशी अक्का उभी होती. वाळली होती. वर्षातले ते पंधरा दिवस, तेवढीच तिची मोकळी हवा, आणि तीही गेली होती. पण ती रडत नव्हती, रागानं लाल झाली होती.

“मनी सूनना पिठवर मी हात दाबसू? तो गानंवाला येडा शे का?” मग तिनं आवाज खाली आणला. “कोनी सांगं ते माले माहीत शे. झोकावर आम्ही दोनच जनी व्हतूत. तिना भाऊ पुण्याले शे, त्याले सांगं व्हई तिनी.”

मैत्रिणीबद्दल बोलत होती. माझ्या तोंडाशी आलं होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. माझ्याकडे ती असं बघत होती की साऱ्या जगात मी तेवढा तिचा उरलोय.

“व्हई,” मी म्हणालो. म्हणजे, असेल. एवढा एकच शब्द. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललोय, पण त्या शब्दाइतकं नीच दुसरं काही बोललो नाही.

पुढची दोन वर्षंही मी गेलो आणि मोकळ्या हातानं परतलो. घरी आई पुरणाचा घाट घालायची आणि मला एकट्याला येताना बघून चुलीपुढून उठायची.  तिसऱ्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या, अक्कानं त्यांचं सगळं केलं, आणि त्या बऱ्या झाल्यावर स्वतःहून म्हणाल्या, जा, जाऊन ये. अक्का आली त्या दिवशी आमच्या घरात सण होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रीण आली. हातात सांजोऱ्यांचं ताट, वर स्वच्छ फडकं. उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, “अक्का, कव्हय उनी?” कधी आलीस, एवढंच. अक्का तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मैत्रीण थोडी थांबली, ताट उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि वळली.

मला राहवलं नाही. मी तिच्यामागे गल्लीत धावलो. “ताई, थांबा. तुमचा काही दोष नाही. ते मी…”

“माले माहीत शे,” ती म्हणाली. “त्या दिन तू वटावर व्हता. पुस्तक डोयासमोर, पन पान उलटत नव्हतं.”

“मग तुम्ही तिला का नाही सांगितलं?”

 एवढं शिकून याला एवढंही कळत नाही, असं काहीसं तिच्या नजरेत होतं.

“मैत्रीन नही ऱ्हायनी तरी चालस,” ती म्हणाली. “भाऊच नही ऱ्हायना, तर तिले आखाजीले लेवाले मुऱ्हाळी कोन जाई?”

आणि गेली.  परत जाऊन अक्काला सगळं सांगायचं, असं ठरवूनच घराकडे वळलो. खरंच ठरवलं होतं.

अक्का दारात आली होती. “काय सांगं तिनी?” तिनं विचारलं.

“काही नही,” मी म्हणालो.